मनगटातील बोगद्याचे चित्रण : कार्पल टनेल सिंड्रोमच्या निदानात वैद्यकीय प्रतिमांचे स्थान
(शिरवळ परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

मनगटातील अरुंद मार्गात मध्य चेता दाबली गेल्याने उद्भवणारा कार्पल टनेल सिंड्रोम हा हाताने काम करणाऱ्यांमध्ये वारंवार आढळणारा विकार आहे. त्याचे निदान प्रामुख्याने रुग्णाचे कथन, हाताची तपासणी व चेतावहन चाचणी यांवर आधारलेले होते. गेल्या तीन दशकांत क्ष-किरण, सोनोग्राफी व एमआरआय या प्रतिमा-तंत्रांनी या निदानाला दृश्य आधार मिळवून दिला आहे. ही तंत्रे नेमके काय दाखवितात, काय दाखवीत नाहीत आणि शिरवळसारख्या औद्योगिक व कृषी परिसरात त्यांचा उपयोग कोणत्या अटींवर होऊ शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कार्पल टनेल सिंड्रोम, मध्य चेता, सोनोग्राफी, एमआरआय, व्यवसायजन्य विकार, शिरवळ

१. प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नीरा नदीच्या काठी शिरवळ वसले आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्याची हद्द सुरू होते आणि लगेच शिरवळ लागते. महामार्गाच्या सान्निध्यामुळे येथे औद्योगिक वसाहत वाढली. त्याचबरोबर भोवतालच्या गावांत शेती व दुग्धव्यवसाय टिकून राहिला. त्यामुळे कारखान्यातील सुट्या भागांची जुळणी, मालाचे पॅकिंग, खुरपणी, ऊसतोडणी, गाईम्हशींची धार काढणे अशी हाताची कामे या एकाच परिसरात एकत्र नांदतात. अनेक घरांत एकच व्यक्ती यांपैकी दोन-तीन कामे करते. कारखान्यातील पाळी संपवून घरी आलेली स्त्री गोठ्यात धार काढते, भाकरी थापते, कपडे पिळते. तिच्या मनगटाला दिवसभरात विश्रांती फारशी मिळत नाही.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. बोटे जोर लावून पुनःपुन्हा मिटावी लागतात आणि त्या वेळी मनगट बहुधा वाकलेले असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारित केलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोमचा स्वतंत्र उल्लेख आहे. दीर्घकाळ चालणारे पुनरावृत्तीचे व जोराचे काम, कंपने आणि मनगटाची टोकाची स्थिती ही कारणे तेथे नमूद केली आहेत. म्हणजे हा विकार केवळ संगणकाच्या कळफलकापुढे बसणाऱ्यांचा आहे, हा रूढ समज अपुरा आहे.

ग्रामीण भागात या विकाराची लक्षणे ‘हाताला मुंग्या येतात’, ‘हात बधिर होतो’, ‘रात्री हात झोपतो’ अशा शब्दांत सांगितली जातात. त्यांचे कारण वात, अशक्तपणा किंवा मानेचे मणके यांत शोधले जाते आणि काळ निघून जातो. चेतेवरील दाब दीर्घकाळ राहिल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजतात. ही झीज पुढे शस्त्रक्रियेनेही पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून वेळेवर व अचूक निदान हा या विकारातील कळीचा प्रश्न ठरतो.

२. बोगद्याची रचना व विकाराचे स्वरूप

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत रचलेली असतात. तळहाताच्या बाजूने त्यांचा आकार खोलगट पन्हळीसारखा होतो. या पन्हळीवर एक जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. खाली व दोन्ही बाजूंना हाडे आणि वर न ताणणारे छत, असा हा बोगदा होय. त्यातून बोटे व अंगठा मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक चेता, अशा दहा रचना जातात. ती चेता म्हणजे मीडियन नर्व्ह किंवा मध्य चेता. दहा जणांत तीच सर्वांत मऊ असल्याने जागा कमी पडली की पहिला दाब तिच्यावर येतो.

जागा दोन प्रकारे कमी पडते. एक तर आतील वस्तू फुगतात. उदाहरणार्थ, कंडरांभोवतीचे आवरण जाड होते, संधिवाताने सुजते किंवा तेथे गाठ निर्माण होते. नाहीतर बोगद्याच्या भिंतीच बदलतात, जसे मनगटाचे हाड मोडून वाकडे जुळल्यास होते. मधुमेह, थायरॉईड ग्रंथीची अल्पक्रियता, गर्भावस्था व स्थूलता यांमुळेही हा धोका वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

मनगटाची स्थिती किती महत्त्वाची आहे, हे अमेरिकेतील गेलबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून दिसते. निरोगी व्यक्तींच्या बोगद्यातील दाब सरासरी २.५ मिलिमीटर पारा इतका होता. रुग्णांमध्ये तो ३२ होता. मनगट पूर्ण वाकविल्यावर रुग्णांमधील दाब ९४ पर्यंत गेला. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते. रुग्णाला मध्यरात्री जाग येते आणि तो हात झटकू लागतो, त्यामागे हेही एक प्रमुख कारण आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी उपयोगी पडते ती याचमुळे.

३. रुग्णाच्या कथनाचे महत्त्व

मध्य चेता अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग यांना संवेदना पुरविते. करंगळी तिच्या क्षेत्रात येत नाही. तळहाताच्या मुळाशी असलेल्या त्वचेला संवेदना देणारी तिची शाखा बोगद्यात शिरण्यापूर्वीच अलग होऊन अस्थिबंधाच्या वरून जाते. म्हणून कार्पल टनेल सिंड्रोममध्ये बोटे बधिर झाली तरी तळहाताच्या त्या भागातील संवेदना बहुधा शाबूत राहते. करंगळीसह सर्व बोटे बधिर होत असतील, किंवा वेदना मानेपासून हातात उतरत असेल, तर कारण अन्यत्र असण्याचा विचार करावा लागतो. हा भेद चार-पाच प्रश्नांत कळतो व त्याला यंत्र लागत नाही.

तथापि केवळ लक्षणांवर विसंबणेही पुरेसे नाही. स्वीडनमध्ये सामान्य लोकसंख्येवर झालेले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक सर्वेक्षण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात १४.४ टक्के व्यक्तींनी मध्य चेतेच्या क्षेत्रात वेदना, बधिरता वा मुंग्या असल्याचे सांगितले. वैद्यकीय तपासणी आणि चेतावहन चाचणी या दोहोंनी विकार निश्चित झाला तो मात्र २.७ टक्के व्यक्तींत. लक्षण आणि निदान यांतील हे अंतर भरून काढण्यासाठी वस्तुनिष्ठ तपासण्यांची गरज भासते. प्रतिमा-तंत्रांचे स्थान येथे आहे.

४. शवविच्छेदनापासून प्रतिमेपर्यंत

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाच्या अस्थिभंगानंतर मध्य चेता दाबली गेल्याच्या प्रकरणाची नोंद केली. १९१३ मध्ये फ्रान्समधील पिअर मारी व शार्ल फ्वा यांनी, अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजलेल्या एका वृद्ध रुग्णाचे शवविच्छेदन केले. अस्थिबंधाखाली चेता बारीक झालेली आणि त्याच्या किंचित वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, गाठीसारखी फुगलेली त्यांना आढळली. असा विकार वेळीच ओळखता आला तर अस्थिबंध कापणे उपयुक्त ठरेल, असेही त्यांनी सुचविले.

या निरीक्षणाचे महत्त्व पुढे फार वाढले. पाण्याची रबरी नळी एका ठिकाणी दाबली की तिच्या अलीकडचा भाग फुगतो, तसेच काहीसे दाबलेल्या चेतेत घडते. फरक इतकाच की येथे सूज ही चेतेच्या ऊतींची असते. मारी व फ्वा यांना जे मृत्यूनंतर दिसले, ते जिवंत रुग्णाच्या मनगटात, त्वचेला छेद न देता पाहणे ही पुढील शतकातील प्रतिमा-तंत्रांची कामगिरी होय.

५. प्रतिमा-तंत्रे : शक्ती व मर्यादा

५.१ क्ष-किरण चित्रण

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांनी घेतलेले मानवी शरीराचे पहिले प्रसिद्ध चित्र त्यांच्या पत्नीच्या हाताचे होते. हाताची हाडे दाखविण्यात हे तंत्र आजही स्वस्त व सोयीचे आहे. हार्ट व गेनर यांनी १९४१ मध्ये हात मागे वाकवून बोगद्याच्या अक्षाच्या दिशेने किरण सोडण्याची पद्धत वर्णिली. तिच्यामुळे हाडांची कमान समोरून पाहता येते. जुना अस्थिभंग, सरकलेले हाड किंवा हाडाची अनावश्यक वाढ यांचा शोध त्यातून लागतो. परंतु चेता, कंडरा व अस्थिबंध यांत दिसत नाहीत. बहुसंख्य रुग्णांत कारण हाडांत नसल्याने क्ष-किरण चित्र सर्वसाधारण येते. ‘एक्स-रे चांगला आहे, म्हणजे हाताला काही झालेले नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. सीटी स्कॅनमध्येही हाडांचा तपशील वाढतो, पण मऊ ऊतींतील फरक अपेक्षेइतका स्पष्ट होत नाही.

५.२ सोनोग्राफी

सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार केले जाते. लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितका तपशील सूक्ष्म. पण त्या प्रमाणात लहरींची खोल जाण्याची क्षमता कमी होते. पोटाच्या तपासणीसाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झची शलाका वापरतात. मनगटातील चेता त्वचेखाली काही मिलिमीटरवरच असल्याने तेथे १२ ते १८ मेगाहर्ट्झ वा त्याहून अधिक वारंवारतेची सरळ शलाका वापरता येते.

अशा चित्रात चेतेचा आडवा छेद मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. काळ्या ठिपक्यांच्या रूपात चेतातंतूंचे जुडगे आणि त्यांच्यामध्ये पांढरट जाळी असते. कंडरांमध्ये बारीक तंतुमय पोत दिसतो. शलाका किंचित कलती केली की कंडरा एकदम काळवंडतात. चेतेचे स्वरूप त्या मानाने कमी बदलते. रुग्णाला बोटे हलविण्यास सांगितले की कंडरा सरकताना दिसतात. या खुणांवरून चेता ओळखली जाते.

ऑस्ट्रियातील बुखबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सोनोग्राफीतील तीन प्रमुख चिन्हे मांडली : बोगद्याच्या प्रवेशापाशी चेतेला आलेली सूज, बोगद्याच्या आत तिचे चपटे होणे आणि वरच्या अस्थिबंधाला तळहाताकडे आलेला फुगवटा. त्यांपैकी चेतेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ हे सर्वाधिक विश्वसनीय माप ठरले. ते मनगटाच्या घडीच्या पातळीवर, पिसिफॉर्म नावाच्या वाटाण्याएवढ्या हाडाजवळ, चेतेच्या पांढऱ्या कडेच्या आतील रेषेवरून मोजतात. साधारण १० चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक क्षेत्रफळ संशयास्पद मानले जाते. तथापि वेगवेगळ्या अभ्यासांत ही सीमारेषा थोडी खाली-वर होते. व्यक्तीची देहयष्टी, यंत्र व मोजण्याची पद्धत यांवर ती अवलंबून असते.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे रुग्णाच्या मनगटाची तुलना त्याच्याच हाताशी करणे. २००८ मध्ये हॉब्सन-वेब व सहकाऱ्यांनी मनगटातील क्षेत्रफळाला मनगटापासून १२ सेंटिमीटर वर, अग्रबाहूत मोजलेल्या क्षेत्रफळाने भागण्याची पद्धत सुचविली. हे गुणोत्तर १.४ वा अधिक आल्यास विकाराचा संशय बळावतो. समजा, एखाद्या रुग्णाच्या मनगटाशी क्षेत्रफळ १५ आणि अग्रबाहूत ७ चौरस मिलिमीटर आले, तर गुणोत्तर २ पेक्षा अधिक होते. म्हणजे एकच चेता काही सेंटिमीटरच्या अंतरात दुपटीहून अधिक जाड झाली आहे. हाच निष्कर्ष किरकोळ बांध्याच्या स्त्रीला व धिप्पाड पुरुषाला सारख्याच निकषाने लावता येतो.

सोनोग्राफीचा आणखी लाभ म्हणजे दाबाचे कारण दिसणे. द्रवाची गाठ, आवरणाची सूज, जन्मतः दुभंगलेली चेता किंवा चेतेसोबत टिकून राहिलेली जादा रोहिणी यांचे ज्ञान शस्त्रक्रियेपूर्वी असणे शल्यचिकित्सकाला महत्त्वाचे असते. अमेरिकेतील चेता-स्नायू तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत चेतेच्या क्षेत्रफळाचे मोजमाप ही निदानासाठी अचूक तपासणी असल्याचे मान्य केले आहे.

५.३ एमआरआय

एमआरआय तंत्रात संपूर्ण बोगद्याचे, त्यातील प्रत्येक रचनेचे चित्र मिळते. चेतेतील सूज टी-२ प्रकारच्या चित्रात अधिक उजळ दिसते. हॅमेट या हाडाच्या पातळीवर तिचे चपटे होणे व अस्थिबंधाचा फुगवटाही मोजता येतो. अंगठ्याच्या स्नायूंची झीज व त्यांत झालेला मेदसंचय यांचाही अंदाज येतो. शस्त्रक्रियेनंतर लक्षणे परत आल्यास अस्थिबंध अपुरा कापला गेला की व्रणऊतींनी चेतेला वेढले, हे ठरविण्यास हे तंत्र विशेष उपयोगी आहे. मात्र खर्च, वेळ व उपलब्धता यांमुळे नेहमीच्या रुग्णासाठी त्याची आवश्यकता नसते.

६. रचना आणि कार्य

चेतावहन चाचणीत विजेचा सौम्य संकेत चेतेतून पाठवून त्याचा वेग मोजतात. दाबलेल्या भागात तो मंदावतो. ही चाचणी चेतेचे कार्य सांगते. प्रतिमा तिची रचना दाखविते. दोन्हींची उत्तरे बहुधा जुळतात, परंतु नेहमीच नाही. काही रुग्णांत लक्षणे स्पष्ट असून वहनवेग सर्वसाधारण असतो आणि सोनोग्राफीत सूज दिसते; काहींत याच्या उलट घडते. कोणाचा हात जाड चेता असूनही दुखत नाही. म्हणून प्रतिमेतील आकडा हे निदान नव्हे, तो निदानाचा एक पुरावा आहे. रुग्णाचे कथन, हाताची तपासणी, चेतेचे कार्य आणि तिची रचना यांची संगती लावणे हेच निदान होय.

७. पशुवैद्यकातील एक उद्बोधक तुलना

शिरवळ येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास या विषयावर वेगळा प्रकाश टाकतो. घोड्याच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला सामान्यतः गुडघा म्हटले जाते, तो रचनेच्या दृष्टीने मनगट आहे. त्याच्या मागील बाजूसही असाच बोगदा असून त्यातून कंडरा, चेता व रक्तवाहिन्या जातात. घोड्यातही या बोगद्याचा विकार आढळतो. तेथील एका हाडाचा भंग हे त्याचे एक कारण असते आणि ते हाड माणसातील पिसिफॉर्मचे समरूप मानले जाते.

लंगडणारा घोडा कोणत्या भागात बधिरता आहे हे सांगू शकत नाही. पशुवैद्यकाला म्हणून चालीचे निरीक्षण, स्पर्श, क्ष-किरण व सोनोग्राफी यांवर भिस्त ठेवावी लागते. माणूस मात्र ‘करंगळी सोडून बाकीची बोटे बधिर होतात, रात्री हात झटकावा लागतो’ असे सांगू शकतो. ही माहिती कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. ती न विचारता थेट चित्र काढणे म्हणजे बोलत्या रुग्णाला मुके ठरविणे होय.

८. सोनोग्राफीची उपलब्धता : महाराष्ट्राचा संदर्भ

सोनोग्राफी स्वस्त, वेदनारहित व किरणोत्साररहित असूनही मनगटासाठी तिचा वापर ग्रामीण भागात मर्यादित राहण्यामागे तांत्रिक व सामाजिक अशी दोन कारणे आहेत.

तांत्रिक कारण शलाकेचे आहे. जेथे यंत्र प्रामुख्याने पोट व गर्भावस्था यांच्या तपासणीसाठी घेतलेले असते, तेथे कमी वारंवारतेची वक्र शलाकाच हाताशी असण्याचा संभव असतो. तिने मनगटातील चेता नीट दिसत नाही. शलाका मिळाली तरी ती हाताळणाऱ्याला चेतेच्या मोजमापाचा सराव असावा लागतो. एक-दोन चौरस मिलिमीटरच्या फरकावर अर्थ बदलत असताना हा सराव निर्णायक ठरतो.

सामाजिक कारण गंभीर आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या सातारा जिल्ह्यात ८७८ व सांगली जिल्ह्यात ८५१ इतकी घसरली होती. गर्भलिंगनिदानासाठी झालेल्या सोनोग्राफीच्या दुरुपयोगाशी ही घसरण जोडलेली आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या विरुद्ध देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. गर्भ दाखवू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत असावे लागते आणि २०१२ च्या नियमसुधारणेने हलविता येण्याजोग्या यंत्रांच्या वापरावरही बंधने आणली. त्यामुळे कारखान्याच्या दवाखान्यात किंवा गावातील शिबिरात सोनोग्राफीचे यंत्र नेऊन कामगारांची मनगटे तपासणे, ही कल्पना ऐकायला सोपी असली तरी कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊ शकते.

या बंधनांना अडथळा मानणे योग्य नाही. ज्या स्त्रियांच्या मनगटाच्या निदानाचा येथे विचार होत आहे, त्यांच्याच मुलींच्या जन्माच्या हक्कासाठी ती आहेत. व्यवहार्य मार्ग असा की पहिली चाळणी यंत्राविना व्हावी. कोणती बोटे बधिर होतात, रात्री जाग येते का, हात झटकल्यावर बरे वाटते का, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बसला आहे का, हे प्रश्न आरोग्य सेविका किंवा कारखान्यातील परिचारिकाही विचारू शकते. मनगट मिनिटभर वाकवून ठेवल्यास मुंग्या येतात का, ही फेलन यांची चाचणीही सोपी आहे. त्यातून निवडलेल्या रुग्णांना योग्य शलाका व प्रशिक्षित तज्ज्ञ असलेल्या नोंदणीकृत केंद्रात पाठविल्यास साताऱ्याची वा पुण्याची फेरी आणि बुडालेली मजुरी सत्कारणी लागेल.

९. निष्कर्ष

१) कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान रुग्णाच्या कथनापासून सुरू होते, प्रतिमा त्या कथनाची शहानिशा करते व दाबाचे स्थान आणि कारण दाखविते.

२) क्ष-किरण हाडांच्या विकारासाठी, सोनोग्राफी चेतेच्या प्राथमिक चित्रणासाठी आणि एमआरआय गुंतागुंतीच्या अथवा शस्त्रक्रियेनंतरच्या प्रकरणांसाठी उपयुक्त आहे. सर्वसाधारण क्ष-किरण चित्रावरून विकार नाही असे ठरविता येत नाही.

३) चेतेच्या क्षेत्रफळाचा एकच आकडा सर्वांना लावण्यापेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या अग्रबाहूशी तुलना करणे अधिक न्याय्य आहे.

४) शिरवळसारख्या परिसरात प्रश्नावलीद्वारे प्राथमिक चाळणी व त्यानंतर नोंदणीकृत केंद्रात उच्च वारंवारतेची सोनोग्राफी, असा क्रम वैद्यकीय, आर्थिक व कायदेशीर अशा तिन्ही दृष्टींनी ग्राह्य आहे.

५) निदानाइतकेच कामाच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे लागेल. मनगट सरळ राहील अशी अवजारांची मूठ, जुळणीच्या कामात ठरावीक अंतराने विश्रांती व कामांची अदलाबदल हे उपाय खर्चिक नाहीत. अस्थिबंध कापून बोगदा मोकळा केला, पण हात पुन्हा त्याच कामाला त्याच रीतीने जुंपला, तर प्रतिमेने दाखविलेल्या कारणाचा अर्धाच इलाज झाला असे म्हणावे लागेल.